शाळेतलं लसीकरण शिबिर रद्द करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष व सर्व सदस्य,
पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे अ‍ॅडमिन,
आणि त्या ग्रुपवर असलेले आपल्या भागातले डॉक्टर

सप्रेम नमस्कार.

पाचवी ते आठवीच्या मुलींसाठी शाळेत ठेवलेलं एचपीव्ही लसीचं, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरपासून वाचवणाऱ्या लसीचं, शिबिर तुम्ही आदल्या दिवशी रद्द केलंत. संमतीपत्रं घरोघर गेली होती, बरीचशी सह्या होऊन परतही आली होती. लसीचा खर्च उचलायला माणसं पुढे आली होती. बाजारात एका डोसला हजारांत पैसे पडतात, ते एकाही घराला द्यावे लागणार नव्हते. टोचायला डॉक्टर ठरले होते. आणि मग ग्रुपवर सूचना आली, की पालकांच्या भावना लक्षात घेऊन शिबिर रद्द करण्यात येत आहे. पुढची तारीख दिली नाही. कारणही दिलं नाही.

त्या भावना दोन दिवसांत कशा तयार झाल्या हे गावात सगळ्यांना माहीत आहे. ही लस घेतली की मुली वांझ होतात. परदेशात ही बंद केली आणि उरलेला माल आपल्याकडे पाठवला. आपल्या पोरींवर प्रयोग चाललेत. लोकसंख्या कमी करायचा डाव आहे. असे निरोप रात्री उशिरापर्यंत फिरत राहिले, खाली हात जोडलेली चित्रं पडत राहिली, आणि सकाळी शिबिर रद्द झालं.

गावाचं आणि शाळेचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. कुणाला मान खाली घालायला लावावी हा हेतू नाही, आणि वाळव्यापासून जतपर्यंत कुठल्याही शाळेत उद्या हेच होऊ शकतं. पत्र कुणाला आहे ते तुम्हाला कळेल.

मी निवृत्त आरोग्य सेविका आहे. तुमच्यातले बरेच जण मला 'सिस्टर' म्हणून ओळखतात. १९९५ च्या डिसेंबरात पल्स पोलिओ सुरू झालं, तेव्हापासून लसीचा डबा खांद्याला लावून या कृष्णाकाठच्या वाड्यावस्त्यांवर मी फिरले. गळीत हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या आल्या की फडाच्या कडेला कोप्या पडतात. तिथली लेकरं सुटू नयेत म्हणून उजाडायच्या आत तिथे पोचावं लागायचं. एकदा बाया फडात गेल्या की कोपीत धाकट्याला सांभाळत बसलेली सहा-सात वर्षांची पोर तेवढी असायची, तिला काय विचारणार? त्या वेळीही कुजबुज होतीच. डोसानं पोरं पुढे नामर्द होतात, असं म्हणायचे. उत्तरेत तर लोक दारं लावून घ्यायचे. ज्यांच्या जिभेवर मी तेव्हा ते थेंब सोडले, त्यांतले कितीतरी जण आज तुमच्या याच ग्रुपवर बाप म्हणून आहेत. आणि पोलिओचं काय झालं? देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमध्ये आढळला, २०१४ च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. कुबड्या घेऊन शाळेत येणारं पोर माझ्या तरुणपणी जवळपास प्रत्येक गावात होतं. तुमच्या मुलांनी तसं एकही पाहिलेलं नाही.

या पत्रामागे नोकरीपलीकडचंही एक कारण आहे. माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणायचो. पाळी जाऊन काही वर्षं झाल्यावर तिच्या अंगावर पुन्हा जायला लागलं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. सुनेला कसं सांगायचं, आणि मुलाला तर नाहीच नाही. धडपा धुवायचा आणि कुणाच्या नजरेला पडणार नाही असा वाळत घालायचा, असं तिनं बरेच महिने काढलं. कंबर धरली, पाय सुजले, तेव्हा मिरजेला नेलं. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, बराच पुढे गेलेला. शेक दिले, म्हणजे रेडिएशन, केमो झालं. शेवटच्या दिवसांत स्वतःच्या अंगाला येणाऱ्या वासानं तिलाच लाज वाटायची, नातवंडांना ती जवळ येऊ द्यायची नाही. हे लिहिताना मला जड जातंय. पण हा आजार बाईला कसा नेतो हे आपल्याकडे कुणी मोठ्यानं सांगत नाही, आणि म्हणूनच एका फॉरवर्डला एवढी ताकद येते.

अक्काची नात तुमच्याच शाळेत सहावीत आहे. तिच्या संमतीपत्रावर तिच्या आईची सही होती.

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली तक्रार अशी, की तुम्ही ज्यावर विसंबलात त्याखाली कुणाचीच सही नव्हती. निरोप कुणी लिहिला, तो डॉक्टर आहे का, कुठल्या गावचा, केव्हाचा, काही नाही. वर फक्त 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स'. कृष्णेला पूर येतो तेव्हा आपण सांगलीचे लोक काय करतो? आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे ते विचारतो. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पुरात मोबाइलवर काय वाट्टेल ते फिरतं, पण जनावरं सोडून वरच्या अंगाला न्यायची की नाही हे आपण पुलावरच्या फुटांवर ठरवतो. म्हशीच्या बाबतीत जी खात्री करून घेतो, ती मुलीच्या बाबतीत का करून घेतली नाही?

समितीतल्या एका सदस्यांनी मला सांगितलं, "सिस्टर, खरं-खोटं आम्हाला काय कळणार, पण धोका कशाला पत्करायचा?" त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण लस न देणं हाही निर्णयच असतो, आणि त्यालाही धोका असतो. तो वीस-तीस वर्षांनी समोर येतो एवढंच. भारतात दरवर्षी १ लाख २७ हजारांच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो आणि सुमारे ८० हजार बायका त्यानं मरतात. त्यांतली एकही बाई समितीच्या बैठकीत येऊन बसू शकत नाही.

दुसरी तक्रार निरोपांतल्या मजकुराबद्दल आहे, आणि इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे. कारण तुमच्यापैकी कुणीही, एकानंही, त्या मजकुराला उत्तर मागितलं नाही.

वांझपणाचं आधी बघू. हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. ते दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. लसीत तो विषाणू जिवंतही नसतो आणि मेलेलाही नसतो. त्याच्या वरच्या कवचातलं एक प्रथिन प्रयोगशाळेत तयार करतात, त्याची पोकळ कवचं तेवढी लसीत असतात. शरीर ते कवच ओळखायला शिकतं. पिशवी, बीजकोश, पाळी यांच्याशी त्या कवचाचा काही संबंध येत नाही. उलट हा कॅन्सर झाला की अनेकदा पिशवी काढावी लागते, शेक दिल्यानं बीजकोश निकामी होतात. तरण्या पोरीला हा आजार झाला तर मूल होण्याची आशा तो आजार संपवतो.

आणि हे परदेशातल्या पुस्तकातलं नाही. २००९ मध्ये आपल्या देशात या लसीचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्याच्या केंद्रांमध्ये आपलं पुणं होतं, सोलापूर जिल्ह्यातली बार्शी होती. देशभरातल्या १७ हजारांहून अधिक मुलींना लस टोचली गेली आणि पुढे दहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. पुढच्या तपासणीचे नमुने कधी घ्यायचे, ते वेळापत्रक बघा. मुलीचं लग्न झाल्यावर अठरा महिन्यांनी, किंवा पहिलं बाळंतपण झाल्यावर सहा महिन्यांनी, यांतलं जे आधी होईल तेव्हा. म्हणजे लस घेतलेल्या मुली आई होणार हे धरूनच तो अभ्यास आखला होता, आणि त्या आई झाल्याही. एका डोसानंही दहा वर्षांपर्यंत या विषाणूच्या सगळ्यात घातक प्रकारांपासून चांगलं संरक्षण मिळतं, हे याच अभ्यासातून २०२१ मध्ये पुढे आलं. आज जगात कितीतरी देश एकच डोस देतात, त्यामागे आपल्या बार्शीच्या आणि पुण्याच्या मुली आहेत.

प्रयोगाची गोष्ट मात्र हवेतून आलेली नाही, आणि ती मी झाकून ठेवणार नाही. २००९ मध्येच तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये आणि गुजरातेत वडोदऱ्याकडे एका वेगळ्या प्रकल्पात हजारो मुलींना ही लस दिली गेली. त्यांतल्या सात मुली नंतर दगावल्या, आणि २०१० च्या एप्रिलमध्ये सगळं थांबवलं गेलं. चौकशीत मृत्यूंची कारणं निघाली ती पाण्यात बुडणं, साप चावणं, कीटकनाशक पोटात जाणं, हिवताप अशी. लसीशी त्यांचा संबंध आढळला नाही. पण त्याच चौकशीत हेही निघालं, की आश्रमशाळांतल्या अनेक मुलींची संमतीपत्रं वसतिगृहाच्या वॉर्डननं किंवा मुख्याध्यापकांनी सह्या करून दिली होती. आईबापांना विचारलंच नव्हतं. संसदेच्या समितीनं २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले, आणि ते योग्यच होतं. गरिबाच्या पोरीचा दंड पुढे करताना तिच्या बापाची परवानगी लागत नाही असं समजणं हा गुन्हाच म्हटला पाहिजे.

पण म्हणूनच माझा प्रश्न आहे. खम्मममध्ये आईबापांना न विचारता हो म्हटलं गेलं. तुमच्या शाळेत आईबापांनी हो लिहून दिल्यावर त्यांना न विचारता नाही म्हटलं गेलं. दोन्हीकडे ज्यांची मुलगी, त्यांची सही कुणी मोजली?

परदेशात बंद केली, हे जपानबद्दल फिरतं. तेही अर्धं खरं आहे, म्हणून पूर्ण सांगते. जपाननं २०१३ च्या जूनमध्ये या लसीची शिफारस थांबवली. अंग दुखणाऱ्या, चालता न येणाऱ्या काही मुलींचे व्हिडिओ टीव्हीवर आणि इंटरनेटवर सतत दाखवले जात होते. लस घेणाऱ्या मुलींचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास होतं, ते एक टक्क्याखाली गेलं. मग नागोया शहरानं सुमारे ३० हजार मुलींची माहिती गोळा केली. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलींमध्ये ती दुखणी सारखीच निघाली. ती दुखणी खरी होती, त्या मुलींचे हालही खरे होते, पण ती लसीमुळे नव्हती. जपाननं शिफारस पुन्हा सुरू करेपर्यंत २०२२ उजाडलं. मधल्या वर्षांत ज्यांना लस मिळाली नाही, त्यांच्यातल्या काही हजार बायका पुढे या कॅन्सरनं मरतील असा अंदाज अभ्यासकांनी मांडला आहे. फॉरवर्डमध्ये २०१३ पर्यंतची गोष्ट असते, २०२२ ची नसते.

दुसऱ्या टोकाला स्कॉटलंड आहे. तिथे २००८ पासून बारा-तेरा वर्षांच्या मुलींना शाळेतच लस देतात. २०२४ मध्ये त्यांनी नोंदी तपासल्या, तर त्या वयात पूर्ण लस घेतलेल्या एकाही बाईला हा कॅन्सर झालेला आढळला नाही. आपल्याच देशात सिक्कीमनं २०१८ मध्ये शाळाशाळांतून ही लस दिली आणि जवळपास सगळ्या मुलींपर्यंत पोचवली. डोंगरातल्या शाळांना जमलं ते कृष्णाकाठच्या शाळेला जमू नये असं काही नाही.

कुणीतरी ग्रुपवर कोव्हिशील्डची बातमीही टाकली होती. रक्ताच्या गाठींचा तो दुष्परिणाम खरा आहे, अतिशय दुर्मीळ आहे, आणि २०२१ मध्येच जाहीर झाला होता. ती लस वेगळ्या तंत्राची आहे. तिचं खरं-खोटं या लसीच्या माथी मारू नका.

दुष्परिणाम या लसीलाही आहेत. दंड दुखतो, सुजतो, कधी ताप येतो, डोकं दुखतं. या वयाच्या मुलींना सुई टोचली की कधी भोवळ येते, म्हणून टोचल्यावर पंधरा मिनिटं ते अर्धा तास बसवून ठेवायचं असतं. फार क्वचित जोराची अ‍ॅलर्जी येते, आणि तिच्यावरचं औषध टोचणाऱ्याच्या हाताशी असावं लागतं. आधीच्या डोसाला किंवा लसीतल्या घटकाला अ‍ॅलर्जी असेल तर ही लस देत नाहीत. ही लस घेतली म्हणजे पुढे तपासणी नको असंही नाही, तिशीनंतर ती करावीच लागते. हे सगळं पालकांना सांगायला हवं होतं. शिबिराआधी चार ओळींचं छापील पत्रक आलं, त्यात इंग्रजीतून उचललेले शब्द होते, एकाही आईला त्यातून काही कळलं नसेल. ही चूक शिबिर भरवणाऱ्यांची, आणि तीही मी इथे नोंदवते.

आता ज्या मुद्द्यावर मला खरा राग आहे तो. निरोपांमध्ये एक असाही होता, की ही लस म्हणजे पोरींना मोकळीक देणं आहे, चांगल्या घरच्या मुलींना ती कशाला हवी. ग्रुपवर त्याला कुणी हटकलं नाही. अक्का सोळाव्या वर्षी लग्न होऊन गेली, आणि माहेर-सासर सोडून कुठे राहिली नाही. हा विषाणू शरीरसंबंधातून लागतो, आणि तो इतका सर्रास आहे, की लग्न झालेल्या बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी तो लागून जातो, आणि बहुतेकांच्या शरीरातून आपोआप निघूनही जातो. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो त्यांतल्या काहींना पुढे कॅन्सर होतो. बाई कुठल्या घरची, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. नऊ ते चौदा या वयात लस देतात, कारण विषाणूशी गाठ पडण्याआधी टोचली तरच तिचा पूर्ण उपयोग होतो, आणि या वयात शरीर जास्त जोमानं प्रतिकारशक्ती तयार करतं. धनुर्वाताची लस आपण खिळा लागण्याआधी देतो, तेव्हा कुणी पोराच्या वागण्यावर शंका घेत नाही.

तिसरी तक्रार. तुमच्या पालकांच्या ग्रुपवर आया किती आहेत? शाळेच्या दाखल्यावर बापाचा नंबर, म्हणून ग्रुपवर बाप. ज्या घरात मोबाइल एकच आहे, तिथे तो बापाच्या खिशात असतो. मी गेल्या काही दिवसांत ज्या आयांशी बोलले, त्यांतल्या बऱ्याच जणींना शिबिर का रद्द झालं हे माहीतच नव्हतं, कुणीतरी डॉक्टर आजारी पडले असं वाटत होतं. एकीनं विचारलं, "मग आता परत कधी?" मुलींच्या पिशवीबद्दलचा निर्णय पुरुषांच्या ग्रुपवर, पुरुषांनी पाठवलेल्या निरोपांवर झाला. ज्या बायकांना अंगावरून जाणं म्हणजे काय हे ठाऊक आहे, ज्यांनी सासू किंवा चुलती अशी जाताना पाहिली आहे, त्यांना बोलावलंच नाही. समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. त्या बैठकीला त्यांतल्या किती हजर होत्या, आणि किती जणींच्या सह्या नंतर घरी जाऊन घेतल्या, हे तुम्हीच तपासा.

चौथी तक्रार छोटी आहे. ज्यांना लस नको होती त्यांनी संमतीपत्र कोरं ठेवलं असतं, विषय संपला असता. तुम्ही ज्यांना हवी होती त्यांच्याही हातून ती काढून घेतलीत. सांगलीत खासगी दवाखान्यात जाऊन पैसे मोजून मुलीला लस देणारे पालक तुमच्या समितीतही आहेत, हे मला माहीत आहे. त्यांनी चांगलंच केलं. ऊस तोडायला आलेल्या बाईची पोर, किंवा द्राक्षबागेत रोजानं जाणाऱ्याची पोर हे कुठून करणार?

पाचवी तक्रार डॉक्टरांसाठी आहे. तुम्ही त्या ग्रुपवर होता. निरोप तुम्हीही वाचलेत, निळ्या खुणा दिसतात. एकानंही एक ओळ लिहिली नाही. वाद नको, पेशंट तुटतील, राजकारण अंगावर येईल, या तुमच्या अडचणी मला कळतात. तरी सांगते. लोक त्या अनोळखी निरोपावर विश्वास ठेवतात, कारण त्यांच्या ओळखीचं माणूस गप्प बसलेलं असतं. आयर्लंडमध्ये अशाच अफवांनी २०१६-१७ पर्यंत लस घेणाऱ्या मुलींचं प्रमाण ८७ टक्क्यांच्या आसपासवरून जवळपास निम्म्यावर आलं होतं. तिथे लॉरा ब्रेनन नावाची तरुणी, स्वतःला हाच कॅन्सर झालेली, नावानिशी आणि चेहऱ्यानिशी लोकांपुढे येऊन बोलली. २०१९ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, ती गेली. तोवर लस घेणाऱ्या मुलींचं प्रमाण पुन्हा वर चढायला लागलं होतं. तुमच्यावर आजारी पडून बोलायची वेळ नाही. तुम्ही एक ध्वनिसंदेश टाकला असता, स्वतःचं नाव सांगून, आपल्या बोलीत, तरी त्या रात्री पुष्कळ फरक पडला असता.

तर माझ्या मागण्या अशा आहेत.

शाळेत पालकांची सभा पुन्हा बोलवा, आणि निरोप आयांच्या नावानं काढा. दिवस बाजाराचा नसावा, वेळ कामावरून परतल्यानंतरची असावी. सभेला स्त्रीरोगतज्ज्ञ बाई बोलवा. प्रश्न चिठ्ठीवर, नाव न लिहिता विचारायची सोय करा, कारण भरल्या सभेत उठून पिशवीबद्दल विचारायला आपल्याकडे अजून कुणी धजत नाही.

त्या सभेनंतर ज्या घरचं संमतीपत्र हो म्हणून येईल त्या मुलींसाठी शिबिर घ्या. ज्यांचं येणार नाही त्यांची यादी करू नका, वर्गात नावं वाचू नका, त्या मुलींना कुणी काही बोलू नये याची काळजी घ्या. शिबिरात डॉक्टर हजर असावेत, अ‍ॅलर्जीचं औषध हाताशी असावं, टोचल्यावर मुलींना बसवून ठेवायला वेगळी खोली असावी. टोचल्यानंतर काही गंभीर घडलं तर त्याची नोंद आणि चौकशी करायची सरकारी पद्धत आहे. ती कशी आणि कुणाकडे, हे फळ्यावर लिहून ठेवा.

त्याच दिवशी तीस वर्षांवरच्या आयांची तपासणी ठेवता आली तर बघा. सौम्य व्हिनेगर लावून पिशवीचं तोंड डोळ्यांनी बघायची पद्धत साधी आहे, दोन-चार मिनिटांत होते, आणि दवाखान्यातल्या शिकलेल्या नर्सलाही ती जमते. आपल्या देशात तीस ते एकोणपन्नास वयातल्या शंभर बायकांमागे दोघींचीही ही तपासणी झालेली नसते. अक्काची झाली नव्हती.

अ‍ॅडमिन मंडळींना विनंती, की आरोग्याबद्दलचा जो निरोप लिहिणाऱ्याच्या नावाशिवाय येईल तो ग्रुपवरून काढून टाका. शिबिराआधी जे निरोप फिरले त्यांचं डॉक्टरांकडून उत्तर घ्या, आणि ते त्याच ग्रुपवर, त्याच लोकांसमोर टाका. आयांचे नंबर ग्रुपमध्ये घ्या. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांना अंगणवाडीताई आणि आशाताई घरी जाऊन सांगतील, त्यांना फक्त शाळेनं तसं कळवायला हवं.

डॉक्टरांनी प्रत्येकी एक ध्वनिसंदेश द्यावा, आपल्या नावानं. लस घ्यावी असं वाटत नसेल तर तेही नावानं, कारणासकट सांगावं.

आणि समितीला शेवटची मागणी. शिबिर का रद्द केलं ते इतिवृत्तात लिहा. कुठल्या माहितीवर निर्णय घेतला, ती कुणी दिली, बैठकीला कोण हजर होतं, कुणी काय मत दिलं, ते सगळं. निर्णय बदलायचा नसेल तर तोही तसाच लिहून, सह्या करून, शाळेच्या सूचना फलकावर लावा. माझ्या भाचीची मुलगी पुढच्या इयत्तेत जाण्याआधी मला एक तर सभेची तारीख हवी आहे किंवा तो कागद.

सभेला बोलवाल तर मी येईन. लसीचा डबा कसा भरतात, कुपीवरची खूण बघून लस खराब झाली का ते कसं ओळखतात, सुई एकदा वापरल्यावर परत का वापरता येत नाही, हे सगळं मी आयांना हातात देऊन दाखवीन. प्रश्न कितीही विचारा, रात्र झाली तरी बसेन.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
कृष्णाकाठ, जि. सांगली